पाण्याच्या दिवशी मोडणारं टाइमटेबल

"ताई, नमस्कार. नाव छापू नका. मी १९ वर्षांची आहे, सोलापुरात पूर्व भागात राहते. पप्पा यंत्रमागावर आहेत, मम्मी विड्या वळते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, दहावीला ९१ टक्के होते. बारावी सायन्सनंतर नीटला ७२० पैकी ३६८ आले. सगळे म्हणाले एक वर्ष दे, म्हणून ड्रॉप घेतलाय. सकाळी 'सात रस्ता' चौकाजवळ क्लास असतो, जायला-यायला रिक्षा बदलावी लागते. दुपारनंतर वेळच वेळ, पण मी काही करत नाही. रात्री अकराला मोबाइलवर मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघते, अंगावर काटा येतो, उठून चार रंगांच्या पेनांनी टाइमटेबल बनवते, पाचचा गजर लावते. पाचला उठत नाही. एकवीस दिवसांचं चॅलेंज घेतलं होतं. नवव्या दिवशी पाणी आलं, सगळा वेळ भरण्यात गेला आणि चॅलेंज मोडलं. परत सुरू केलंच नाही. फिजिक्सचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. पप्पा म्हणालेत, साडेपाचशेच्या वर आले तर स्कूटी. आधी भारी वाटलं, आता स्कूटीचं नाव काढलं तरी राग येतो. मम्मी जाता-येता विचारते, 'अभ्यास करायलीस का मोबाइल बघायलीस?' मामाचा मुलगा पुण्यात एमबीबीएसला आहे, ते तर रोजचंच. संध्याकाळी शेजारची दोन मुलं नववीच्या गणितासाठी येतात. त्यांना दीड-दोन तास शिकवते, तेव्हा कंटाळा येत नाही. घरचे म्हणतात ते बंद कर. मला एवढंच सांगा, मी आळशी आहे का? आणि मोटिव्हेशन टिकवायचं कसं?"

आळशी मुलगी रात्री अकराला अंथरुणातून उठून चार रंगांत टाइमटेबल आखत बसत नाही. ती झोपते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं.

दुसऱ्याला वेळ लागेल. 'टिकवायचं कसं' असं तू विचारतेस, म्हणजे मोटिव्हेशन आधी कुठून तरी अंगात येतं आणि मग ते जपून वापरायचं असतं, असं तू धरून चालली आहेस. व्हिडिओवाले तेच सांगतात, त्यांचा धंदाच त्यावर आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. थोडं काम होतं, ते जमल्याचं दिसतं आणि मग पुढचं करावंसं वाटतं. पुरावा शोधायला लांब जायला नको, तुझ्या पत्रातच आहे.

संध्याकाळच्या त्या दोन मुलांचं बघ. क्लास करून दमलेली, दुपारभर स्वतःवर चिडलेली मुलगी दोन-दोन तास बहुपदी शिकवत बसते. त्यासाठी गजर लागत नाही, व्हिडिओ लागत नाही, कुणी स्कूटी देऊ केलेली नाही. उलट घरून विरोधच आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणूस आपणहून कामाला कधी लागतो याचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यांच्या मते त्यासाठी तीन गोष्टी लागतात. हे काम मी निवडलंय असं वाटायला हवं. ते मला जमतंय हे दिसायला हवं. आणि त्या कामात आपलं कुणीतरी असायला हवं. तुझ्या शिकवणीत तिन्ही आहेत. शिकवायचं तू ठरवलंस. पोराला गणित कळलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावर तिथल्या तिथे दिसतं. आणि सहा वाजले की ती दोघं वह्या घेऊन दारात उभी असतात.

आता हेच तीन प्रश्न नीटला लाव. जमतंय हे कुठे दिसतं? क्लासच्या टेस्टमध्ये, तेही लाल शाईत. सोबत कोण आहे? मामाचा मुलगा, पण तो सोबतीला नाही, मापाला आहे. आणि निवडलं कुणी? तू लिहितेस, 'सगळे म्हणाले एक वर्ष दे.' 'मला डॉक्टर व्हायचंय' हे वाक्य मी तुझ्या पत्रात शोधलं, सापडलं नाही. कदाचित ते इतकं उघड असेल की लिहायची गरज वाटली नसेल. कदाचित तसं नसेलही. हे मला इथून कळणार नाही, तुला मात्र कळायला हवं.

'आपलं' म्हणजे 'आवडीचं' असं मात्र समजू नकोस. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या रिअॅक्शन पाठ करायला मनापासून आवडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. डेसी आणि रायन यांनीही कामाचे 'आवडीचं' आणि 'जबरदस्तीचं' असे दोनच कप्पे केले नाहीत. मधे मोठी जागा आहे: काम कंटाळवाणं आहे, पण त्यातून जे मिळणार ते मला हवंय, म्हणून मी ते पत्करलंय. जगातला बराचसा अभ्यास याच जागेत बसून होतो. पत्करायला कारण लागतं आणि ते तुझं स्वतःचं लागतं. आज एका कागदावर लिही, डॉक्टर का? कुणाला दाखवायचं नाही, म्हणून भारदस्त लिहायची गरज नाही. 'गल्लीत एकही लेडी डॉक्टर नाही' हे कारण चालेल. 'मला बायोलॉजी आवडते आणि पैसेही मिळतील' हेही चालेल. फक्त 'पप्पांची इच्छा आहे' एवढंच आलं, तर त्यात लाज नाही, पण मग निदान ते तुला माहीत असू दे. दुसऱ्याच्या इच्छेवर वर्षभर अभ्यास ओढता येतो, पण तो असाच ओढला जातो, जसा तू आत्ता ओढते आहेस.

कागद कोराच राहिला, तर लगेच घाबरून क्लास सोडू नकोस. मन खचलेलं असताना घेतलेले असे निर्णय पुढे डाचतात. हे मार्क फक्त एमबीबीएसला लागतात असंही नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी या सगळ्यांचे प्रवेश नीटवरच होतात. फार्मसीला सीईटीची वेगळी वाट आहे. आणि ज्या मुलीला दोन तास शिकवून कंटाळा येत नाही, तिच्यासाठी बी.एस्सी., बी.एड. हा रस्ता कमीपणाचा नाही, मामाकडे कुणी काहीही म्हणो. पण हे मे महिन्यानंतरचं. आता उद्या सकाळचं बोलू.

तुझ्या मम्मीचं नाव काढून मी तुला लाजवणार नाही. 'आई एवढी राबते आणि तू' हे तुला ऐकवणारे घरात पुरेसे असतील. पण तिच्या कामाकडे एकदा वेगळ्या नजरेनं बघ. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. दुपारपर्यंत किती झाल्या, संध्याकाळपर्यंत किती, हे मोजता येतं. खराब निघाल्या तर दिल्याबरोबर कळतं. मजुरी कमी मिळते ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे, पण आज काम किती झालं याबद्दल तिला रात्री शंका नसते. तुझा हिशेब एकदम पुढच्या मे महिन्यात. मधले सगळे दिवस सारखेच दिसतात, केलं काय आणि न केलं काय. अशा कामात कुणाचंही मन उडेल.

अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा एक प्रयोग इथे तंतोतंत लागू पडतो. वजाबाकीत कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुलं त्यांनी घेतली. अभ्यासाची ४२ पानं, सात बैठका. काही मुलांना सांगितलं, दर बैठकीत सहा पानांचं लक्ष्य ठेवा. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं पूर्ण करा. काहींना लक्ष्यच दिलं नाही. कागदावर पहिल्या दोन्हींत फरक नाही, सात सक बेचाळीस. पण सहा-सहा पानांवाली मुलं वजाबाकीत इतरांच्या बरीच पुढे गेली. नंतर 'हवं ते करा' म्हटल्यावर आपणहून जास्त गणितं सोडवणारीही तीच निघाली. आणि ज्यांना एकदम ४२ पानं दाखवली, त्यांची गत लक्ष्य न दिलेल्या मुलांपेक्षा फार वेगळी नव्हती.

यातला आपणहून गणितं सोडवण्याचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सहा-सहा पानांवाल्या मुलांना आधी गणिताची गोडी नव्हती. ती कामातून लागली, कारण दर बैठकीला 'आजचं झालं' हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तुझ्या चार रंगांच्या टाइमटेबलमध्ये काय लिहिलेलं असणार, ते न बघता सांगते: 'सकाळी ५ ते ७ मेकॅनिक्स'. त्यात झालं कधी म्हणायचं? सात वाजले म्हणून? त्याऐवजी लिही, 'घर्षणाची आठ गणितं'. आठ झाली की उठायचं, मग चाळीस मिनिटं लागोत नाही तर दीड तास. आठ जड वाटली तर पाच. पहिले काही दिवस तर पुस्तकात सोडवून दाखवलेलीच गणितं उत्तर झाकून करायची. याला कुणी पळपुटेपणा म्हटलं तर म्हणू दे. पोटात गोळा येतो त्या विषयात आधी 'जमलं' असं काहीतरी हाताला लागायला हवं.

फिजिक्सबद्दल मला आणखी एक शंका आहे. नववीचं गणित तू दुसऱ्याला समजावू शकतेस, म्हणजे आकडेमोडीत तू कच्ची नाहीस. मग अडतं कुठे? दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना अकरावीत जो विषय अवघड वाटतो, त्यात विषयाचा वाटा किती आणि इंग्रजीचा किती, हे कुणी वेगळं काढून दाखवतच नाही. चार ओळींचा प्रश्न वाचताना दुसऱ्या ओळीत दम लागतो आणि मुलीला वाटतं की आपल्याला फिजिक्स येत नाही. करून बघ: प्रश्न वाच, काय दिलंय आणि काय विचारलंय हे मराठीत एका ओळीत लिही, आकृती काढ, मगच सूत्राकडे जा. घरी तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत मनाशी बोल, वस्तू उतारावरून घसरायला भाषा बघत नाही. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, तेव्हा पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. पण तुझा क्लास, नोट्स, सराव सगळं इंग्रजीत चाललेलं असताना केवळ भीतीपोटी तो पर्याय घेऊ नकोस. आधी एखादी जुनी मराठी प्रश्नपत्रिका सोडवून बघ. मराठी पारिभाषिक शब्द बघून तू आणखी गोंधळलीस, तर इंग्रजीच बरी.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण मनाचा त्याच्याशी संबंध आहे. बायोलॉजीचा धडा परत-परत वाचला की वाटतं, येतंय. टेस्टला बसलं की जातं. मग वाटतं, एवढं करूनही काही होत नाही, आणि पुस्तक उघडायची इच्छाच मरते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून तीन वेळा पान बंद ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणून धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. पहिल्यांदा लाज वाटेल इतकं कमी येईल. तोच कागद तारीख टाकून ठेव आणि दोन दिवसांनी पुन्हा लिही. नीटच्या १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे असतात, तिथे ही मेहनत लवकर दिसेल.

हे वाचल्यावर तुझ्या लक्षात आलं असेलच की शिकवणी म्हणजे दुसरं काय? पुस्तक बंद ठेवून आठवणं आणि मोठ्यानं सांगणं. घरच्यांना सांग, शिकवणी बंद करणार नाही. मात्र दोन तासांचा एक तास कर, आठवड्यातले दोन दिवस सुट्टी ठेव, आणि एप्रिलमध्ये त्या मुलांना दुसरीकडे पाठव. फी घेत नसशील तर घे, थोडी का होईना.

आता ते रात्रीचे व्हिडिओ. अंगावर काटा येतो हे खरं असतं. गडबड त्यानंतर होते. गाब्रिएले एट्टिंगेन या मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं स्वप्नरंजनावर काम करत आहेत. त्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या जर्मन तरुणांपैकी जे छान नोकरीची चित्रं मनात जास्त रंगवत होते, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत कमी अर्ज केले होते, त्यांना नोकऱ्याही कमी चालून आल्या आणि पगारही कमी होता. यश मिळेल असा ज्यांचा स्वतःच्या अनुभवावरून अंदाज होता, ते मात्र चांगले पुढे गेले. म्हणजे आशा ठेवण्यात वाईट काही नाही. पांढरा कोट घातलेली तू, पेढे वाटणारे पप्पा, तोंड बारीक झालेला मामा, हे सगळं रात्री अकराला मनात घडून जातं आणि शरीर सैल पडतं. पोचल्यासारखं वाटल्यावर पाचला कोण उठणार? एट्टिंगेन यांचा उपाय साधा आहे. हवं ते चित्र जरूर बघावं, पण लगेच विचारावं, माझ्या आत किंवा घरात आडवं काय येतंय?

तुझ्या बाबतीत ते शोधावं लागत नाही. पाणी आडवं येतं.

हसू नकोस, मी गंभीरपणे सांगतेय. या शहरात काही दिवसांआड पाणी येतं, हे तुला जन्मापासून माहीत आहे. तरी तुझ्या एकवीस दिवसांच्या चॅलेंजमध्ये पाण्याचा एकही दिवस नव्हता. ते टाइमटेबल दुसऱ्याच कुठल्या गावातल्या मुलीसाठी होतं, जिच्या घरी चोवीस तास नळ आहे, खाली माग चालत नाहीत आणि मार्चनंतर दुपारी पंखा गरम वारा फेकत नाही. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितलं. ज्यांनी तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवून ठेवलं, त्यांच्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत पूर्ण केला. बाकीच्यांतल्या साधारण एक-तृतीयांशांनी. इच्छा दोन्हीकडे होती, जागा आणि वेळ एकीकडेच ठरलेली होती. तू तुझी वाक्यं अशी लिही: 'क्लासहून घरी आले आणि जेवण झालं, की खिडकीजवळच्या जागी बसून फिजिक्सची आठ गणितं.' आणि याच्या बरोबरीनं, 'पाणी आलं, तर त्या दिवशी फक्त तीन गणितं आणि बायोलॉजीचा एक कोरा कागद.' मग तो दिवस बुडालेला दिवस राहत नाही, आधीच ठरवलेला छोटा दिवस होतो. उन्हाळ्यासाठीही आत्ताच लिहून ठेव. एप्रिलच्या दुपारी घरात होत नसेल तर जवळची अभ्यासिका बघ, नाही तर जड विषय सकाळी आणि संध्याकाळी उशिरा.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे कुणी पसरवलं देव जाणे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये लोकांच्या साध्या-साध्या सवयी मोजल्या, जेवणाबरोबर फळ खाणं वगैरे. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कुणाला १८ दिवस, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि तुझ्या कामाची गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तुझा नववा दिवस पाण्यात गेला ही घटना फुटकळ होती. दहाव्या दिवशी तू बसली नाहीस, कारण 'मोडलं म्हणजे संपलं' हा नियम त्या चॅलेंजनं तुझ्या डोक्यात घातला होता.

पाचचा गजर काढून टाक. रात्री बारापर्यंत जागणाऱ्या मुलीला पाचला उठवणं ही शिक्षा आहे. साडेसहाला ऊठ, पण मोबाइल रात्री दहाला मम्मीच्या उशाशी दे. बंद करून शेजारी ठेवण्यात अर्थ नाही, हात जातोच. त्यातून मम्मीच्या त्या प्रश्नाचाही निकाल लागेल.

एक गोष्ट मात्र अभ्यासाच्या युक्त्यांनी सुटत नाही. पत्रात तू झोपेबद्दल, जेवणाबद्दल लिहिलेलं नाहीस. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल किंवा उठवतच नसेल, जेवण जात नसेल, शिकवणीतही मन लागेनासं झालं असेल, रडू येत असेल, आपण नसलो तरी चालेल असं मनात येत असेल, तर तो मोटिव्हेशनचा प्रश्न राहत नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागात जा, नाही तर १४४१६ हा सरकारचा टेलीमानस क्रमांक लाव. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. पाय मोडल्यावर कुणी चॅलेंज घेत नाही, प्लास्टर घालतात.

यापुढचं तुझ्या पप्पांसाठी. हे पान त्यांना वाचायला दे.

भाऊ, नमस्कार. यंत्रमागावर काम करणारा बाप पोरीला स्कूटी घेऊन देतो म्हणतो, त्यामागे किती महिन्यांची ओढाताण असेल याची मला कल्पना आहे. तरीही त्या स्कूटीचा तुमच्या मुलीला राग का येतो, ते सांगते. अमेरिकेतल्या एका बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंगाची पेनं ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. हे १९७३ सालचं. त्याआधी १९७१ मध्ये डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला पैसे देऊन पाहिलं, तर पैसे थांबल्यावर त्यांचा रस उतरला. तोंडभर शाबासकी दिली तेव्हा तसं झालं नाही.

बक्षीस वाईटच असतं असं मी म्हणत नाही. मजुरीशिवाय तुम्ही मागावर उभे राहणार नाही आणि राहूही नये. पण इथे बोली लागली आहे साडेपाचशेला, आणि साडेपाचशे तिच्या हातात नाहीत. पेपर कसा निघेल, बाकीची मुलं कशी लिहितील, काही नाही. तिच्या हातात आजची आठ गणितं आहेत. स्कूटीचं नाव निघालं की तिला ते १८२ मार्क दिसतात जे गेल्या वेळी कमी पडले.

तेव्हा रात्री घरी आलात की 'किती झालं?' ऐवजी 'आज कुठं अडलं?' असं विचारा. तुम्हाला फिजिक्स कळलं नाही तरी चालेल, ती सांगता सांगता तिलाच कळेल. पुण्याच्या भाच्याचं कौतुक त्याच्या घरी जाऊन करा. आणि स्कूटी परवडत असेल तर निकालाची वाट न बघता आत्ता घ्या, सेकंडहँड चालेल. रिक्षा बदलण्यात तिचा जाणारा वेळ वाचेल, मम्मीच्या विड्याही पोचवता येतील. परवडत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगून टाका, तिला वाईट वाटण्यापेक्षा हायसंच वाटेल. घेतलीत तर लायसन्स आधी काढा, आणि हेल्मेट.